घरी मोशन सिम्युलेटर बांधताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात फोंड्याच्या माझ्या शेडमध्ये तीन मुलं आपापले अर्धवट मोशन सिम्युलेटर, म्हणजे रेसिंग गेममधल्या गाडीबरोबर हलणारी सीट, घेऊन आली. एकाचा मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट देणारा बोर्ड, जळला होता, दुसऱ्याची सीट एका बाजूला कलून अडकली होती, तिसऱ्याचा सांगाडा सांध्यासांध्यांतून गंजला होता. तिघांनाही मी एकच विचारलं, "मोटरची वीज तोडायचं बटण कुठे आहे?" तिघांनीही कम्प्युटरकडे बोट दाखवलं.

हे उत्तर मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतोय.

गोव्यातल्या मुलांना मोटरनं वस्तू हलवणं नवीन नाही. चवथीचे चलत देखावे, शिगम्याचे चित्ररथ आणि दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासुर करता करता वायपरची मोटर, क्रँक आणि बेअरिंग कशी बसवायची हे अनेकांच्या हाताला माहीत असतं. ही मोठी जमेची बाजू आहे, पण पहिली चूक इथेच होते. नरकासुराचा हात हलवणारी मोटर एकाच दिशेनं, एकाच लयीत फिरत राहते. वरखाली करायचं काम क्रँक करते. सिम्युलेटरमधल्या मोटरला एका सेकंदात अनेकदा दिशा बदलावी लागते, मधेच थांबून माणसाचा भार धरून ठेवावा लागतो आणि मोटरच्या दांड्यावरचा लिव्हर या क्षणी कोणत्या कोनात आहे हे कंट्रोलरला सतत कळावं लागतं. शिवाय देखाव्यात बिघाड झाला तर पुठ्ठा फाटतो. इथे सीटवर माणूस बसलेला असतो.

सुरुवात करणाऱ्यांपैकी बरेचजण दोन अक्षांची, म्हणजे पुढेमागे आणि डावीउजवीकडे कलणारी सीट करतात, आणि ते योग्यच आहे. सीटखाली भंगारातून आणलेल्या ओम्नीच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सगळीकडे कलणारा सांधा, मागे दोन वायपर मोटर, प्रत्येकीचा लिव्हर सळीनं सीटला जोडलेला, प्रत्येकीला कोन मोजणारा एक पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, मधे कंट्रोलर म्हणून आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड आणि त्यात मोटर ठरलेल्या कोनात नेणारा एसएमसी३ हा प्रोग्रॅम. गेममधली माहिती कम्प्युटरवरचं सिमटूल्स, सिमहब किंवा फ्लायपीटी मूव्हर हे सॉफ्टवेअर घेतं आणि प्रत्येक मोटरनं कुठे जायचं ते आर्डुइनोला कळवतं. पुढचं सगळं या सेटअपला धरून लिहितोय.

थांबवायची सोय नसताना हलवायला घेणं

दोन वर्षांपूर्वी माशेलच्या एका कॉलेजच्या मुलानं सुरेख सीट बांधली होती. वेल्डिंग स्वच्छ, वायरिंग नीट बांधलेलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं घरच्यांना दाखवायला ती चालू केली. मलाही बोलावलं होतं. धाकटी बहीण सीटवर बसली आणि पाचेक मिनिटं सगळं उत्तम चाललं. मग उजव्या बाजूच्या पॉटला मोटरशी जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू सैल झाला.

पुढे काय झालं ते नीट समजून घ्या. मोटर फिरत होती, पण पॉट जागचा हलत नव्हता. कंट्रोलरला दिसत होतं की मोटर अजून पोचलेली नाही, म्हणून तो तिला आणखी जोर देत होता. जितकं अंतर शिल्लक, तितका जोर, हेच त्याचं काम असतं. लिव्हर ठरलेल्या हद्दीबाहेर गेला, पार उलटला आणि सीट उजवीकडे आपटली. मुलानं धावत जाऊन गेम बंद केला. त्याबरोबर सॉफ्टवेअरनं सीटला मध्यावर यायला सांगितलं, पण मध्य कुठे आहे हे सांगणारा पॉटच सुटलेला होता. मोटर फिरतच राहिली. प्लग कपाटाच्या मागे. मी कपाट सरकवून तो ओढला तेव्हा कुठे ती थांबली. मुलीच्या गुडघ्याला सीट आणि सांगाडा यांच्यामध्ये चांगलाच मार बसला होता. आठवडाभर ती लंगडत होती. हात मध्ये असता तर काय झालं असतं, याचा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

एक सैल स्क्रू, बस्स. पॉटची वायर निसटली तरी तेच होतं. मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या तर चालू करताक्षणीच होतं, कारण मोटर लक्ष्याकडे जाण्याऐवजी त्याच्यापासून दूर पळते आणि कंट्रोलर तिला अधिकाधिक ढकलतो.

म्हणून माझी पद्धत अशी. सांगाडा उभा राहिला की सगळ्यात आधी लाल, दाबलं की आत अडकून राहणारं बटण बसतं. नंतर मोटर. बटण कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे विजेनं चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या, कॉइलची वीज तोडतं आणि कॉन्टॅक्टर मोटरच्या एसएमपीएसचा, म्हणजे पॉवर सप्लायचा, २३० व्होल्टचा पुरवठा तोडतो. बटणात नेहमी जोडलेला राहणारा, म्हणजे एनसी कॉन्टॅक्ट वापरायचा, म्हणजे बटणाची वायर तुटली तरी यंत्र थांबतंच. कॉन्टॅक्टरची जोडणी विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरसारखी करायची: वीज गेली आणि परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय काही चालू होता कामा नये. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दिवसातून कितीदा वीज जाते येते ते मी सांगायला नको. असली दोन बटणं लावा. एक सीटवर बसलेल्याच्या हाताशी, दुसरं बाजूला उभ्या असलेल्याच्या हातात.

पॉटचा दांडा जिथे स्क्रू बसतो तिथे मी कानशीनं चपटा करतो आणि स्क्रू सैल होऊ नये म्हणून त्याला थ्रेडलॉक लावतो. लिव्हर इतकाच लांब ठेवतो की मोटर पूर्ण गोल फिरली तरी काही कशावर आपटू नये. मग पॉट सुटला तरी सीट फक्त डोलते. पहिल्यांदा वीज देताना लिव्हरची सळी सीटला जोडलेली नसते. एसएमसी३ मध्ये पीडब्ल्यूएम मॅक्स, म्हणजे मोटरच्या जोराची कमाल मर्यादा, अगदी खाली आणून ठेवायचा, दिशा तपासायच्या, हद्दी आखायच्या, पॉट हातानं काढून मोटर काय करते ते पाहायचं आणि लाल बटण दाबून ती थांबते का ते पाहायचं. हे सगळं झाल्यावर सळी जोडायची. सीटवर पहिला अर्धा तास माणूस नाही, वाळूची पोती.

एवढं सांगितलं की मुलं म्हणतात, "काका, बटण नंतर लावतो, आधी हलतंय का बघू." नंतर ते लागत नाही. मी एकदाही पाहिलेलं नाही.

लांब लिव्हरचा मोह

सीट जास्त हलावी म्हणून लिव्हर लांब करतात आणि मग मोटरमध्ये दम नाही म्हणून तक्रार करतात. आधी कागदावर हिशेब करा. माणूस आणि सीट मिळून १०० किलो धरा, म्हणजे साधारण ९८० न्यूटन. भाराचा मध्य क्रॉसच्या १० सेंटिमीटर पुढे असेल तर ९८ न्यूटन-मीटरचं वळण नुसतं बसल्या जागी तयार होतं. मोटरच्या सळ्या क्रॉसच्या ४० सेंटिमीटर मागे असतील तर दोघींना मिळून २४५ न्यूटन, म्हणजे प्रत्येकीला १२२ न्यूटन सतत धरून ठेवावे लागतात. लिव्हर ५ सेंटिमीटरचा असेल तर मोटरवर ६ न्यूटन-मीटर येतात. १० सेंटिमीटरचा केला की १२. आणि हे सगळं यंत्र जागेवर उभं असताना.

उपाय मोठी मोटर नाही. सीट पुढेमागे सरकवून भाराचा मध्य क्रॉसच्या बरोबर वर आणा. मी मोटर जोडण्याआधी सीटवर बसून पाय उचलतो आणि दोन बोटांनी कुणीतरी सीट कलवू शकतो का ते पाहतो. जमत नसेल तर सीटचे बोल्ट सोडून ती परत सरकवतो. घरात ५५ किलोचा आणि ९० किलोचा असे दोघे चालवणार असतील तर सीटखाली सरकती पट्टी आधीच ठेवा.

वायरिंगच्या बारीक गोष्टी

या मोटरसाठी वापरतात त्या आयबीटी-२ ड्रायव्हरवर ४३ अँपिअर लिहिलेलं असतं. ती त्यातल्या चिपची मर्यादा आहे. त्या छोट्याशा हीटसिंकवर तेवढा करंट सतत वाहू शकत नाही. प्रत्येक ड्रायव्हरवर पंखा आणि प्रत्येक मोटरला स्वतंत्र फ्यूज हवाच.

जुन्या कम्प्युटरचा पॉवर सप्लाय वापरू नका. मोटर झटक्यात दिशा बदलते तेव्हा उलटा करंट फेकते आणि तो सप्लाय स्वतःला बंद करून घेतो.

टोचून बसवायच्या जंपर वायरी हादऱ्यानं निघतात. पॉटच्या वायरी सोल्डर करा, शिल्डेड घ्या आणि मोटरच्या वायरींपासून लांब न्या. सीट उगाच थरथरत असेल तर पीआयडीचे, म्हणजे मोटरला किती जोर द्यायचा ते ठरवणारे आकडे बदलण्याआधी हे तपासा.

सगळे स्लायडर शंभरावर

ही माझी दुसरी आवडती तक्रार, आणि यात उतावळेपणाशिवाय दुसरं काही नाही. माझा भाचा सुट्टीत डिचोलीहून आला, त्यानं पहिल्याच संध्याकाळी सॉफ्टवेअरमधले पिच (पुढेमागे कलणं), रोल (बाजूला कलणं), सर्ज (वेग घेताना-ब्रेक मारतानाचा जोर), स्वे (वळणातला बाजूचा जोर) असे सगळे स्लायडर टोकाला नेले. सीट रहाटपाळण्यासारखी फिरायला लागली. वीस मिनिटांत त्याला मळमळायला लागलं आणि रात्री तो जेवला नाही. वर म्हणाला, "मामा, तुझी मोटर स्लो आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीत घालून चोर्ला घाटात नेलं. मागच्या सीटवर बसवून डोळे मिटायला सांगितले आणि प्रत्येक वळण, प्रत्येक ब्रेक नुसता अंगानं ओळखायला लावला. उतरल्यावर तो म्हणाला की गाडी किती कमी हलते. हेच सांगायचं होतं. खऱ्या गाडीत आपल्याला कळतो तो जोर. कलणं अगदी थोडं असतं. घरातल्या सीटकडे जोर नाही, म्हणून ती आपल्याला कलवून गुरुत्वाकर्षण उसनं घेते. १० अंश कललात तर ०.१७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.१७ पट जोर मिळतो. फॉर्म्युला वनची गाडी जोरात ब्रेक मारते तेव्हा ५ जीच्या आसपास असते. खऱ्याची बरोबरी होणार नाही हे एकदा मान्य केलं की मग सीटचं काम फक्त खूण देणं एवढंच उरतं, आणि खूण वेळेवर आणि योग्य दिशेनं मिळाली की मेंदू बाकीचं भरून घेतो. उशिरा किंवा उलट मिळाली तर पोट ढवळतं.

दिशा अशा तपासा: ब्रेक मारल्यावर सीट पुढे झुकली पाहिजे, उजव्या वळणात डावीकडे. यातली एक जरी उलट असेल तर बाकी कितीही सुधारणा करून उपयोग नाही.

मी रोज एकच अक्ष लावतो. पहिल्या दिवशी फक्त सर्ज, वीस-पंचवीस टक्क्यांवर. आसेत्तो कोर्सा या रेसिंग गेममध्ये माझ्या ओळखीच्या ट्रॅकवर, रिप्ले न लावता, दुसऱ्या कुणाला तरी चालवायला बसवतो, स्वतः सीटवर डोळे मिटून बसतो आणि तो कुठल्या वळणावर आहे ते मोठ्यानं सांगतो. दहापैकी आठ बरोबर आले की दुसरा अक्ष. याला आठवडा लागतो. लागू दे. हीच कसोटी स्वतः गाडी चालवत असताना घ्यायला गेलात तर फसाल, कारण डोळे आधी उत्तर देऊन मोकळे होतात.

सीटच हलणार असेल आणि स्टिअरिंग, पेडल स्थिर सांगाड्यावर असतील तर पिच अजून कमी ठेवा. सीट मागे गेली की ब्रेक पायापासून दूर जातो आणि दोष मात्र पेडलला दिला जातो.

डर्ट रॅली या गेममध्ये सीट हलतच नाही म्हणून रात्री अकराला फोन करू नका. त्या गेममध्ये टेलिमेट्री, म्हणजे गाडीची माहिती बाहेर पाठवणं, आपोआप सुरू नसते. डॉक्युमेंट्समधल्या त्याच्या फोल्डरमध्ये हार्डवेअर सेटिंगची एक्सएमएल फाइल आहे, तिच्यात ही माहिती पाठवणारं यूडीपी सुरू करा. पोर्ट २०७७७.

आपल्या हवेसाठी

एमएस म्हणजे साध्या लोखंडाचा पाइप वेल्ड करून नुसता स्प्रे मारलेला सांगाडा एका पावसाळ्यात जातो. रेड ऑक्साइडचे दोन हात, मग रंग, आणि पाइपची तोंडं बंद. नट सगळे नायलॉक, म्हणजे हादऱ्यानं सैल न होणारे.

पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये थ्रीडी प्रिंट केलेले पीएलए प्लॅस्टिकचे भाग मोटरच्या उष्णतेनं मऊ पडतात. पीईटीजी प्लॅस्टिक वापरा, आणि भार घेणारा भाग धातूचाच करा.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर खाली जाड रबर टाका. खाली राहणाऱ्यांना तुमची शर्यत ऐकू येते.

थेट एसी सर्व्होवर उडी

एसएफएक्स-१०० सारखे खुल्या आराखड्याचे ॲक्च्युएटर, म्हणजे सांगाडा वरखाली करणारे दांडे, बघून काहीजण थेट त्यांना लागणाऱ्या चार ७५० वॉटच्या सर्व्हो मोटर मागवतात. यंत्र उत्तम आहे. पण वायपर मोटरची सीट अडकली तर गुडघ्याला मार बसतो. बॉलस्क्रू म्हणजे आट्यांचा दांडा फिरवणारा ७५० वॉटचा सर्व्हो हाडाला थांबत नाही. निदान एक हंगाम साधी सीट चालवा.

आणि घराचं अर्थिंग. जुन्या चिरेबंदी घरांत तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण मागे तिसरी वायर नसते. सर्व्हो ड्रायव्हरच्या फिल्टरमधून थोडा करंट जमिनीकडे वाहतो. अर्थ असला तरी चार ड्रायव्हर एकत्र असले की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे करंट गळताना वीज तोडणारा स्विच, पडू शकतो, आणि मग कुणीतरी सुचवतं की तो बायपास कर. मी अशा घरात जाऊन काम करत नाही. इलेक्ट्रिशियन बोलावून खड्डा मारून अर्थ घ्या, ड्रायव्हर वेगवेगळ्या आरसीसीबीवर वाटा, पण तो काढू नका.

वीज बंद केल्यावरही ड्रायव्हरच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं विजेचा जीवघेणा दाब राहतो. त्यावरचा चार्जचा दिवा विझेपर्यंत टर्मिनलला हात लावायचा नाही. तो विझल्यावरही मी आणखी पाच मिनिटं थांबतो आणि मीटर लावूनच स्क्रू सोडतो.