कमी साहित्यातील बाटली आणि तिच्यावरील पारंपरिक नक्षी: भूमितीच्या आधारे आखणी

बाटलीसाठी किती साहित्य लागेल, हे तिचे पृष्ठफळ आणि भिंतीची जाडी यांच्या गुणाकारावर ठरते; म्हणून आखणीत घनफळ आधी पक्के करावे आणि त्यात झाकणाखालची मोकळी जागाही धरावी. येथे ते एकूण 500 घनसेंटिमीटर मानले आहे. मान आणि झाकण यांचा हिशेब शेवटी वेगळा करावा.

ठरावीक घनफळाला सर्वांत कमी पृष्ठफळ गोलाचे लागते: 500 घनसेमीच्या गोलाला सुमारे 305 चौसेमी, तर तेवढ्याच घनाला 378 चौसेमी. परंतु गोल उभा राहत नाही, म्हणून वृत्तचितीकडे वळावे लागते. वृत्तचितीच्या एकूण पृष्ठफळाच्या सूत्रात, 2πr² + 2πrh मध्ये, h ऐवजी V/πr² ठेवल्यास 2πr² + 2V/r मिळते; त्याचे r च्या सापेक्ष विकलन शून्य मानले की h = 2r, म्हणजे उंची आणि व्यास समान, हे उत्तर येते. आपल्या बाटलीसाठी त्रिज्या 4.3 सेमी, उंची 8.6 सेमी आणि पृष्ठफळ 348.7 चौसेमी होते.

एवढी रुंद बाटली एका हातात नीट बसत नाही. येथे अनेक जण गणित बाजूला ठेवतात, आणि ते योग्य नाही, कारण याच सूत्रात पुढचा मार्ग आहे. किमान बिंदूच्या आसपास पृष्ठफळ फार हळू वाढते: त्रिज्या 3.5 सेमी घेतल्यास उंची 13 सेमी होते आणि पृष्ठफळ 362.7, म्हणजे केवळ 4 टक्के जास्त. त्रिज्या 3 सेमीपर्यंत उतरवली, तर मात्र ही वाढ सुमारे 12 टक्क्यांवर जाते. वायुयुक्त पेयासाठी अरुंद बाटलीचा आणखी एक फायदा आहे: आतील दाबामुळे भिंतीवर येणारा ताण त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे लहान त्रिज्येला पातळ भिंत चालू शकते.

गमावलेले 4 टक्के खांद्याच्या आकारातून परत मिळवता येतात. सपाट माथ्याऐवजी 3.5 सेमी त्रिज्येचा अर्धगोल बसवल्यास त्यात 89.8 घनसेमी मावतात, खालची सरळ भिंत 10.66 सेमी उरते आणि एकूण पृष्ठफळ 349.9 चौसेमी होते. हे आदर्श वृत्तचितीपेक्षा जेमतेम 1 चौसेमी जास्त आहे, आणि बाटली मुठीत मावते. भिंतीची सरासरी जाडी 0.3 मिमी आणि पीईटी प्लास्टिकची घनता 1.38 ग्रॅम प्रति घनसेमी धरल्यास मानेवाचून वजन सुमारे 14.5 ग्रॅम भरते.

आता नक्षी. सरळ भिंत उलगडली की आयत मिळतो. त्याची रुंदी परिघाएवढी, म्हणजे 22 सेमी, आणि उंची 10.66 सेमी. आवर्तनाची रुंदी या 22 सेमींना पूर्ण भाग जाईल अशीच निवडावी, उदाहरणार्थ 2.75 सेमीची 8 आवर्तने. नाहीतर सांध्यावर आकृती तुटते. पट्टीवर आवर्तित होणाऱ्या नक्षीचे सममितीनुसार फक्त 7 प्रकार होतात. न्यूझीलंडच्या माओरी लोकांची कोव्हायव्हाय ही छताच्या तुळयांवर रंगवली जाणारी नक्षी असो किंवा ग्रीक किनारीतील काटकोनी वळणे असोत, मूळ नक्षी सरकवलेली आहे, आरशात उलटवलेली आहे की अर्धा फेरा फिरवलेली आहे, हे ओळखून तोच नियम पाळावा. वारलीसारख्या कथनपर चित्रात आवर्तनाचा हट्ट धरू नये. तेथे मुख्य आकृती 120 अंशांच्या चापात, म्हणजे 7.3 सेमी रुंदीत बसवावी. त्या चापाच्या कडेला रेषा समोरून जवळजवळ निम्म्या रुंदीच्या दिसतात, म्हणून चेहरे आणि बारकावे मध्यभागी ठेवावेत.

अर्धगोल खांद्यावर सपाट चित्र जसेच्या तसे चढत नाही. गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय सपाट करता येत नाही, हे जर्मन गणितज्ञ गाउस यांच्या 1827 च्या प्रमेयातून निघते. खांद्यावरही नक्षी हवी असेल, तर शंकूछेद घ्यावा. मान 2.8 सेमी व्यासाची आणि खांदा 3 सेमी उंच ठेवल्यास, तोंड बंद मानून, पृष्ठफळ 352.4 चौसेमी होते. या खांद्याचा उलगडा 206.5 अंशांचा चाप असतो, बाहेरची त्रिज्या 6.1 सेमी आणि आतली 2.44 सेमी. त्याचे 8 समान भाग केले की खालच्या आवर्तनांशी रेषा जुळतात. अडीच चौसेमींची ही किंमत मला रास्त वाटते.

बाटली रिकामी झाली की टाकली जाते, हे चिन्हे निवडतानाच ध्यानात घ्यावे. ज्या समाजाची कला आहे, त्यातील जाणकारांना कोणती चिन्हे पवित्र आहेत हे विचारावे, त्यांची संमती व श्रेय लेखी ठरवावे, आणि फेकल्या जाणाऱ्या वस्तूवर नको असलेली चिन्हे वगळावीत. शक्य असेल तेथे नक्षी साच्यातच उठावाने घ्यावी: वेगळे लेबल लागत नाही, आणि उठावाच्या कडा पातळ भिंतीला ताठपणा देतात.

शेवटी आयत आणि चाप पूर्ण मापात कागदावर छापून, कापून, गुंडाळून पाहावेत. सांध्यावर किंवा खांद्याच्या कडेवर अर्धा मिलिमीटरही फरक दिसला, तर साचा बनवण्याआधी आवर्तनाची रुंदी पुन्हा मोजावी.