नॅनोकॅप्सूलचं औषध फवारताना या चुका टाळा

बाटलीवर ‘नॅनो’ दिसलं की दर दुप्पट आणि भरवसा चौपट, असं द्राक्षपट्ट्यात होऊ लागलंय. म्हणून पहिली चूक तीच सांगतो: नाव वाचून औषध घेणं. आपल्याकडं सर्रास मिळणारी कॅप्सूलची (म्हणजे बारीक कवचात बंद केलेली) औषधं म्हणजे लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ४.९ टक्के सीएस (पाण्यात तरंगणाऱ्या कॅप्सूल) किंवा पेंडीमेथॅलिन ३८.७ टक्के सीएस. ही नॅनोपेक्षा बरीच मोठी मायक्रोकॅप्सूल, आणि त्यांचं कवच सहसा प्लॅस्टिकच्या जातीचं, पॉलियुरियाचं. कायटोसॅन (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासूनचं), अल्जिनेट (समुद्री शेवाळापासूनचं), पीएलए (कुजणारं प्लॅस्टिक) अशा कवचाची नॅनोकॅप्सूल अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आणि चाचणी प्लॉटवर आहेत. त्यामुळं लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि द्राक्षाचा लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची मान्यता) शोधा. नॅनो युरियाचं उदाहरण कोणी दिलं तर सांगा, ते खत आहे. त्याचा कायदा वेगळा, कीटकनाशकाचा वेगळा.

चाचणीसाठी असं औषध हाती आलंच, तर ते बिघडतं टाकीत. या औषधाची सगळी करामत कवचात आहे. ते हळूहळू झिजतं आणि आतलं औषध थोडं थोडं बाहेर येतं. पानावर पोचण्याआधीच कवच फुटलं, तर महागडं औषध साध्या औषधासारखंच वागणार.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडं बऱ्याच बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं. कायटोसॅनच्या कॅप्सूल आम्लधर्मी पाण्यात एकमेकींपासून लांब राहतात. सामू (पीएच) साडेसहाच्या वर गेला की त्यांच्यावरचा धनभार उतरतो आणि त्या गोळा होतात. मग तळाशी साका बसतो आणि नोझल तुंबतो. यावर उपाय म्हणून आपण सवयीनं सायट्रिक ॲसिड टाकतो. कायटोसॅनला ते एक वेळ चालेल, पण अल्जिनेटचं कवच कॅल्शियमनं बांधलेलं असतं आणि सायट्रिक ॲसिड तेच कॅल्शियम ओढून घेतं. ०:५२:३४ या विद्राव्य खतातला फॉस्फेट आणि ईडीटीए चिलेटेड सूक्ष्मअन्नद्रव्यंही तेच करतात. म्हणजे ‘एकाच फेरीत उरकू’ म्हणून जे टाकीत ओततो, त्यानंच कवच विरघळतं. म्हणून कवच कशाचं आहे हे कंपनीला आधी विचारा.

ईसी (द्रावकात विरघळवलेल्या, पाण्यात दुधाळ होणाऱ्या) औषधातलं द्रावकही कवच मऊ करतं. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) तर सोबत नकोच. त्यातल्या चुन्यानं पीएलएसारखं कवच लवकर तुटतं.

फवारणीआधी काचेच्या बरणीत एक लिटर तेच पाणी घ्या, टाकीत ज्या क्रमानं आणि प्रमाणात टाकणार तसंच सगळं टाका आणि अर्धा तास ठेवा. नंतर बरणी उजेडात धरून बघा. दह्यासारख्या गुठळ्या, तळाला चिकट थर किंवा वर तेलाचा तवंग दिसला, तर ते मिश्रण करू नका. मात्र बरणी स्वच्छ दिसली म्हणून कवच शाबूत आहेच असं नाही. विरघळलेलं कवच डोळ्याला दिसत नाही. कंपनीनं लेखी सांगितलं नसेल तर औषध एकटंच फवारा.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बाटली ठेवू नका. उष्णतेनं कवच बाटलीतच झिजायला लागतं.

फुलोऱ्यात थ्रिप्स (फुलकिडे) भरले की संध्याकाळपर्यंत मेलेले दिसायला हवेत, ही घाईही नडते. कॅप्सूलचं औषध सावकाश सुटतं. ‘लागू पडलं नाही’ म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा फवारलं, तर आधीचं औषध घडावर असतानाच दुसरं येऊन बसतं. कीड आधीच वाढली असेल, तर लेबल क्लेम असलेलं झटपट औषध वापरा. कॅप्सूलची जागा कीड वाढण्याआधी आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती काढणीपूर्व काळाची. तेच औषध ईसीमध्ये आहे म्हणून त्याचा पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यातले दिवस) कॅप्सूलला लावू नका. औषध कवचात बंद आहे, तपासणीत दिसणार नाही, असंही कोणी सांगेल. प्रयोगशाळेत द्राक्षं वाटून द्रावकानं अंश काढतात. त्यात कवच सहसा टिकत नाही आणि आतलं औषधही एमआरएलच्या (फळात चालणाऱ्या औषधाच्या कमाल अंशाच्या) हिशोबात धरलं जातं. निर्यातीचा प्लॉट असेल आणि त्या कॅप्सूलचाच पीएचआय लेबलवर छापलेला नसेल, तर मणी धरल्यावर ती बाटली उघडू नका.