अडकलेले सोडवताना: घरगुती फजित्यांवरचे काही खात्रीचे उपाय

एका पेल्यात दुसरा पेला रुतून बसतो, अंगठी बोटातून निघत नाही, भांड्याचे झाकण हलायला तयार नसते, बुटाची नाडी ऐन घाईच्या वेळी सुटते. अशा प्रसंगांना कोणी संकट म्हणणार नाही, पण त्यांच्यामुळे चांगली सकाळ नासते एवढे मात्र खरे. माझा अनुभव असा आहे की यातले बरेचसे नुकसान मूळ घटनेने होत नाही, ते पुढच्या मिनिटभरात आपल्याच हातून होते, कारण अडकलेली वस्तू दिसली की हात आधी ओढतात आणि डोके नंतर चालू लागते. म्हणून पुढील प्रत्येक उपायाची पहिली पायरी एकच धरावी: वस्तू खाली ठेवावी आणि ती नेमकी कशामुळे अडकली आहे ते पाहावे.

एकात एक अडकलेल्या पेल्यांपासून सुरुवात करू. धुतलेले पेले ओले असताना एकावर एक रचले की दोघांच्या भिंतींमध्ये पाण्याचा पातळ थर राहतो, हवा आत शिरू शकत नाही आणि आतला पेला हळूहळू खाली सरकून घट्ट बसतो. अशा वेळी ते पिळून वेगळे करण्याचा प्रयत्न करू नये, विशेषतः पेले काचेचे असतील तर मुळीच नाही, कारण काच फुटते ती नेमकी हाताच्या पकडीत फुटते. आतल्या पेल्यात थंड पाणी भरावे आणि बाहेरचा पेला कोमट पाण्याच्या भांड्यात उभा करावा. बाहेरचा किंचित प्रसरण पावतो, आतला किंचित आकसतो आणि दोन-तीन मिनिटांत हलक्या हाताने फिरवल्यावर ते सुटतात. येथे ‘कोमट’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण साध्या काचेला तापमानातला मोठा फरक एकदम सोसत नाही आणि उकळते पाणी ओतल्यास सोडवायचे दोन पेले राहत नाहीत, गोळा करायचे तुकडे राहतात. एवढ्यानेही काम झाले नाही तर दोघांच्या मधल्या फटीत भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब सोडून पेले तासभर उलटसुलट ठेवावेत.

झाकणांची गोष्ट जवळचीच आहे, पण कारण वेगळे आहे. गरम पदार्थ भरून बंद केलेली बरणी थंड झाली की आतली वाफ निवते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकणाला खाली दाबून धरते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो आणि ६ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंटिमीटर भरते. आत पूर्ण निर्वात नसतो, तेव्हा सगळेच्या सगळे २८ किलो अंगावर येत नाहीत, पण त्यातला एखादा हिस्सासुद्धा मनगटाला पुरून उरतो. म्हणून मनगटाची परीक्षा न घेता हवेला वाट करून द्यावी. चमच्याचे टोक झाकणाच्या कडेखाली घालून एका जागी हलकेच उचकावे आणि ‘टक्’ असा बारीक आवाज येईपर्यंत थांबावे. तो आवाज आला की आत हवा शिरली, आणि जे झाकण घरातल्या तिघांना दाद देत नव्हते ते दोन बोटांनी फिरते. झाकण धातूचे असून दाबाने नव्हे, तर वाळलेल्या चिकट पदार्थाने धरून ठेवले असेल तर ते अर्धा मिनिट गरम पाण्याच्या धारेखाली धरावे. धातू काचेपेक्षा अधिक प्रसरण पावतो आणि आटे सैल होतात.

गरम भांड्यावर घट्ट ठेवलेले आणि भांडे निवताच चिकटून बसलेले झाकण हा याच प्रकारातला सर्वांत गमतीशीर नमुना आहे. लोक त्यावर सुरी चालवतात, भांडे उलटे करून आपटतात. मीही एकदा एका भांड्याची कड कायमची वाकवली आहे. त्याला फक्त मंद आचेवर पुन्हा ठेवायचे असते. आतली हवा आणि वाफ तापून दाब पूर्ववत झाला की झाकण स्वतःहून जरासे उचलले जाते, आणि त्या क्षणी ते बाजूला करण्यात जे समाधान आहे त्याची तुलना मी फार थोड्या गोष्टींशी करीन. प्रेशर कुकरला मात्र हा उपाय लागू नाही. तेथे वाफ पूर्ण जाऊ द्यावी आणि झाकणाशी झटापट करू नये.

बोटात अडकलेल्या अंगठीकडे जास्त गांभीर्याने पाहावे लागते, कारण ओढाताण केली की बोट सुजते आणि सुजलेले बोट अंगठीला आणखी आवळते. प्रथम हात डोक्याच्या वर धरून पाच मिनिटे बसावे आणि बोट थंड पाण्यात बुडवावे; सूज उतरल्यावर साबण लावून, अंगठी गोल फिरवत फिरवत पुढे आणावी. तरीही ती सांध्यावर अडत असेल तर दोऱ्याची युक्ती करावी. हातभर मजबूत, गुळगुळीत दोरा घेऊन त्याचे एक टोक अंगठीच्या खालून तळव्याच्या बाजूला काढून ठेवावे. उरलेला दोरा अंगठीला लागूनच सुरुवात करून बोटाच्या टोकाच्या दिशेने, वेढ्याला वेढा चिकटवत, सांधा ओलांडेपर्यंत गुंडाळावा. मग तळव्याकडचे टोक धरून ते बोटाच्या टोकाच्या दिशेने उलगडत जावे. दोरा एकेक वेढा सुटतो आणि प्रत्येक वेढ्यासरशी अंगठी एक दोराभर पुढे सरकते. वेढे घट्ट असल्याने बोट थोडे ठणकते, तेव्हा हे काम रेंगाळत करू नये. बोट निळे पडले असेल, बधिर झाले असेल किंवा जखमी असेल, तर दोरा बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा, कारण तेथे अंगठी कापण्याचे साधन असते आणि अंगठीपेक्षा बोट महाग आहे.

चिकटण्याचा विषय निघाला आहे तर सुपरग्लूबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या एका नळीने माझी जितकी फजिती केली आहे तितकी घरातल्या इतर सर्व वस्तूंनी मिळून केलेली नाही. या गोंदाचा जन्मच तक्रारीतून झाला. १९४२ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमयंत्रासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा त्यांच्या हाती सुपरग्लूचा मूळ पदार्थ असलेले सायनोअ‍ॅक्रिलेट लागले आणि ते दिसेल त्याला चिकटते म्हणून त्यांनी बाजूला टाकले. हाच दोष गुण ठरून ते १९५८ मध्ये बाजारात आले. हा गोंद इतर काही गोंदांसारखा वाळून घट्ट होत नाही, तो ओलाव्याच्या संपर्कात आल्यावर घट्ट होतो, आणि त्वचेवर ओलावा कायम असतो. त्यामुळे मोडलेल्या कपाची दांडी जोडायला पाच मिनिटे घेणारा गोंद अंगठा आणि तर्जनी मात्र पाच सेकंदांत जोडून मोकळा होतो.

बोटे जुळली तर ती समोरासमोर ओढू नयेत. तसे केल्यास गोंद सुटत नाही, कातडी सुटते. हात कोमट साबणाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवावा आणि मग बोटे एकमेकांवर, पेन्सिल घोळवावी तशी, हळूहळू घोळवावीत. कडेपासून सुटायला सुरुवात होते आणि एकदा कड सुटली की बाकीचे काम सोपे असते. अ‍ॅसिटोन असलेले नेलपॉलिश रिमूव्हर कापसाऐवजी चमच्याच्या टोकाने थेंब थेंब लावल्यास गोंद लवकर विरघळतो, मात्र डोळे आणि ओठ यांच्या जवळपास ते अजिबात वापरू नये. पापण्या चिकटल्या असतील तर कोमट पाण्याने डोळा धूत राहावे, पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत आणि डॉक्टरांकडे जावे. आणखी एक सूचना मी ठळकपणे द्यावी अशी आहे: सांडलेला सुपरग्लू कापसाने किंवा सुती कपड्याने पुसू नये. सुती धाग्यांशी त्याची प्रक्रिया इतक्या वेगाने होते की त्यातून निघालेल्या उष्णतेने कापड धुरकटू लागते आणि हात भाजू शकतो. सांडलेला गोंद प्लास्टिकच्या तुकड्याने निपटून काढावा.

पाण्यात पडलेल्या फोनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात करण्यापेक्षा न करण्यासारखेच जास्त आहे. तो लगेच बंद करावा, चार्जरला लावू नये, पाणी कोठवर गेले हे पाहण्यासाठी चालू करू नये आणि केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवाही देऊ नये. चार्जिंगचे छिद्र खाली येईल असा धरून तळहातावर हलकेच ठोकावा, पुसून वारा लागेल अशा जागी उभा ठेवावा आणि निदान एक दिवस त्याला हात लावू नये. तांदळात पुरून ठेवण्याच्या सल्ल्याने उपकार होत नाहीत. त्याचे बारीक कण आणि पीठ छिद्रात शिरते आणि एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

डागांच्या बाबतीतही हाताची पहिली ओढ चुकीची असते. डाग पडला की आपण तो घासतो आणि घासल्याने तो धाग्यांत खोल जातो व गोल मोठा होतो. कोरड्या कापडाने टिपावे, आणि टिपताना बाहेरून मध्याकडे यावे. रक्ताच्या डागाला गरम पाणी लावले की त्यातली प्रथिने गोठून पक्की बसतात, म्हणून तेथे थंडच पाणी. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट, आणि तेलाच्या डागाला भांड्यांचा द्रव साबण. मेणबत्तीचे मेण सांडले असेल तर कपडा फ्रीजरमध्ये ठेवावा, कडक झालेले मेण बोथट सुरीने खरवडावे आणि उरलेल्यावर टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. कागद मेण शोषून घेताना जो तेलकट नकाशा उमटतो तो पाहण्यासारखा असतो.

भरलेला कप घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना तो हटकून सांडतो, यात आपला वेंधळेपणा थोडा आणि भौतिकशास्त्र जास्त आहे. कपातल्या द्रवाला हेलकाव्यांचा स्वतःचा एक ठेका असतो आणि नेहमीच्या आकाराच्या कपाचा तो ठेका आपल्या चालण्याच्या हिसक्यांशी जुळू लागला की प्रत्येक पावलासरशी लाट वाढत जाते, जसा झोका योग्य वेळी ढकलल्यावर उंच जातो. कॅलिफोर्नियातील दोन संशोधकांनी २०१२ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला आणि त्याला त्याच वर्षी गमतीदार संशोधनासाठीचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. उपाय साधे आहेत: कप बोटभर कमी भरावा, पहिली दोन-तीन पावले सावकाश टाकावीत आणि दाराकडे न पाहता कपाकडे पाहावे. वर फेस असलेले पेय कमी सांडते, कारण फेस लाटेची ताकद शोषून घेतो.

शेवटी बुटाची नाडी, जिच्यावर मी सर्वांत जास्त विचार केला आहे. वर्षानुवर्षे माझी उजव्या पायाची नाडी दिवसातून दोनदा सुटत असे आणि मी नाडीला दोष देऊन नव्या नाड्या आणत असे. २०१७ मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या अभियंत्यांनी पळणाऱ्या पायाचे चित्रीकरण करून दाखवले की पाऊल जमिनीवर आदळताना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट जोराचा झटका गाठीला बसतो आणि ती सैल पडते, तर पाय पुढेमागे झुलताना नाडीची मोकळी टोके बाहेर खेचली जातात. यातली एकच गोष्ट घडली तर गाठ बहुधा टिकते, पण दोन्ही एकत्र आल्यावर ती पाहता पाहता उलगडते. मात्र सर्व सुरगाठी सारख्या नसतात, आणि आपली कोणती आहे हे ओळखायला बुटाकडे वरून पाहणे पुरेसे आहे. गाठीचे दोन फासे बुटावर आडवे, डावीउजवीकडे पसरलेले दिसले तर गाठ बरोबर आहे. ते बोटांकडे आणि टाचेकडे वळून उभे राहत असतील तर ती कच्ची आहे.

कच्ची गाठ सुधारण्यासाठी फासा घालण्याची सवय बदलायची नाही, कारण ती लहानपणापासून हातात बसलेली असते आणि बदलत नाही. फक्त पहिला वेढा उलटा घ्यावा: आतापर्यंत डावी नाडी उजवीवरून नेत असाल तर यापुढे उजवी डावीवरून न्यावी, आणि पुढचा फासा नेहमीसारखाच घालावा. दोन वेढे एकाच दिशेचे असले की गाठ पिळवटते, विरुद्ध दिशेचे असले की सपाट बसते, आणि फरक एवढाच आहे. दुहेरी निरगाठ मारण्याचा मोह टाळावा, कारण ती संध्याकाळी दमून आल्यावर नखांनी सोडवावी लागते. पहिला आठवडाभर माझे हात रोज सकाळी चुकत होते आणि प्रत्येक वेळी मला वाकून फासे आडवे आहेत की उभे ते पाहावे लागत होते. आता टोक ओढले की गाठ एका झटक्यात सुटते, आणि त्याआधी दिवसभर ती जागची हललेली नसते.