आरसिंकनं फाइली पोचल्या पण तिकडं उघडत नाहीत? परमिशन अशा लावा

गावातल्या शेतकरी कंपनीत दिवसभर तूर-हरभऱ्याच्या खरेदीच्या नोंदी करायच्या अन् रात्री आरसिंकनं (एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फाइली पाठवायची कमांड) अमरावतीच्या ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर पाठवायच्या, हे काम चांगलं चालते, पण सकाळी तिकडून फोन येते, भाऊ, 'परमिशन डिनाइड' दाखवून राहिलं. मग कोणीतरी फाइलीची परमिशन ७७७ मारून मोकळं होते. ते नका करू राजेहो, ७७७ म्हणजे त्या मशीनवर ज्याचं लॉगिन आहे त्या कोणालाही शेतकऱ्याच्या पासबुकाचा स्कॅन वाचता येते, बदलताही येते.

असं होते काऊन? आपण सवयीनं आरसिंकला -ए लावतो. त्यानं फाइलीसोबत इकडच्या परमिशन पण जशाच्या तशा तिकडं जातात, इकडं फाइल ६०० असली तर तिकडंही ६००, म्हणजे मालक सोडून कोणालाच उघडत नाही. 'एलएस -एल' करून पहा, आरडब्ल्यूच्या पुढं नुसते डॅश दिसले की समजा हेच आहे.

आधी अमरावतीच्या मशीनवर 'हिशोब' नावाचा ग्रुप बनवा. फाइली ज्या लॉगिननं येतात तो युजर अन् वाचणारे, सगळे त्यात टाका. कमांड 'युजरमॉड -एजी' (ए छोटा, जी मोठा), त्यातला छोटा ए विसरले तर युजर बाकीच्या ग्रुपमधून निघून जाते, म्हणून नीट पहा. नंतर सगळ्यांनी लॉगआउट करून परत लॉगिन करा, त्याशिवाय नवीन ग्रुप लागत नाही.

मग तिथला फोल्डर फाइली ज्या लॉगिननं येतात त्या युजरच्या नावावर करा, ग्रुप हिशोब, अन् परमिशन 'सीएचमॉड २७७०' या कमांडनं लावा, म्हणजे मालक अन् ग्रुप सोडून कोणाला खुलत नाही. सुरुवातीचा २ महत्त्वाचा, त्यानं आत येणारी नवीन फाइल आपोआप हिशोब ग्रुपची होते.

आता गावाकडून (टाइप इंग्रजीतच करायचं):

आरसिंक -ए --नो-ओ --नो-जी --सीएचमॉड=डी२७७०,एफ६६०

अन् पुढं दोन्हीकडचे पत्ते. --नो-ओ --नो-जी म्हणजे इकडचा मालक अन् ग्रुप तिकडं नेऊ नको. डी म्हणजे फोल्डर, एफ म्हणजे फाइल, ६६० म्हणजे मालक अन् ग्रुपलाच वाचता-लिहिता येते. पहिल्यांदा -एन अन् -आय लावून चालवा, काहीच कॉपी होत नाही, फक्त काय बदलणार ते दिसते. लाइटचा भरवसा नसला तर --पार्शियल पण लावा, अर्धवट गेलेली मोठी फाइल तिथूनच पुढं जाते.

पेनड्राइव्हवरून नेत असाल तर एक्सफॅटमधे (पेनड्राइव्हचा एक फॉरमॅट) या परमिशन राहतच नाहीत, तिथं आधी टार (सगळ्या फाइली परमिशनसकट एकाच फाइलीत बांधलेलं गाठोडं) बनवून घ्या.