आजीचं बुडालेलं गाव जुन्या नकाशावर शोधताना

माझी आजी लग्न होऊन ज्या गावात आली, त्यावर आज शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं पाणी आहे. ते गाव मी तिला जुन्या टोपोशीटवर, म्हणजे डोंगर, नद्या, गावं आणि उंची दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर, दाखवू शकले. कोयनाकाठच्या आणखी कुणाला हे करायचं असेल, तर माझी पद्धत सांगते.

कोयना धरण पूर्ण झालं 1964 मध्ये. त्याआधी पाहणी झालेलं शीट मिळवा. छपाईचं साल फसवतं, पाहणीचं साल वाचा. भारतीय सर्वेक्षण विभागाची एक इंचाला एक मैल मापाची शीटं यासाठी उत्तम. प्रत्येक शीटला क्रमांक असतो. महाबळेश्वर 47 जी/9 वर आहे, तिथून दक्षिणेला 47 जी/10, 11 असं खाली यायचं. खोरं पूर्वेला सरकलं की 13, 14, 15 शेजारी जोडा.

आता खरं काम. या शीटांवर उंची फुटांत असते आणि कोयनेची पाणीपातळी पेपरात आजही फुटांतच येते. धरण काठोकाठ भरलं की 2163 फूट. म्हणून त्याच्या जवळची 2150 ची समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, शोधा. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर शीटच्या तळाशी छापलेलं असतं. ते 50 फूट असेल, तर 2000 पासून वर तिसरी रेषा 2150 ची. तिच्यावरून निळी पेन्सिल फिरवा, प्रत्येक ओढ्यात आत शिरून बाहेर या. मला दोन संध्याकाळ लागल्या. रेषेच्या आत राहिलेली घरं, देवळं, पायवाटा म्हणजे बुडालेलं खोरं.

गावांची नावं रोमन लिपीत असतात. ती मोठ्यानं वाचा, जुनं माणूस लगेच ओळखतं.

आजच्या उपग्रह चित्रावर शीट बसवायचं असेल, तर गुगल अर्थ प्रोमध्ये इमेज ओव्हरले (चित्रावर चित्र ठेवायची सोय) वापरा. कडेच्या अक्षांश-रेखांशांवर विसंबू नका, जुनी मोजणी आजच्या जीपीएसशी तंतोतंत जुळत नाही. वासोटा, जंगली जयगड या किल्ल्यांसारखी न हललेली माथी जुळवा. पूर्वेच्या डोंगरावरचं त्रिकोणाची खूण असलेलं एखादं शिखरही घ्या, नाहीतर शीट एका बाजूला कलतं.

आणि हे सगळं म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवूनच करा. आजीला वाचता येत नाही. मी नदीची रेघ दाखवली, तर तिचं बोट वरच्या अंगाला सरकत एका तुटक पायवाटेपाशी थांबलं. "हितनं उतार हुता. गुडघाभर पाणी. पलीकडं आमची दोन खाचरं." नकाशावर खाचरं नव्हती. तिनं सांगितली तिथं मी ती पेन्सिलीनं काढली.