पालक उपटू नका, कापा

दिवाळीनंतर पेरलेला पालक आता महिनाभराचा झाला असेल. पानं वीतभर झाली की वाफाच्या वाफा मुळासकट उपटायची आपल्याकडे सवय. साध्या मेथीचं ते चालतं. तिची जुडी मुळासकटच विकली जाते आणि वाफा मोकळा झाला की लगेच पुन्हा पेरता येतो. पालकाची तीच मुळं मात्र थंडीभर दर 15 ते 20 दिवसांनी पानं देतात. ती उपटून बांधावर टाकलेली पाहिली की जीव हळहळतो.

नवी पानं मधल्या कोंबातून येतात आणि तो कोंब जमिनीलगत असतो. म्हणून कापणी जमिनीपासून दोन-तीन बोटं वर, धारदार विळ्यानेच करा. बोथट विळ्याने झाड हिसकलं जातं, मुळं ढिली होतात. घरापुरता वाफा असेल तर विळाही नको. बाहेरची मोठी पानं खुडा, आतली चार-पाच राहू द्या.

कापल्याबरोबर पाणी सोडू नका. आधी पिवळी, डागाळलेली पानं वेचून वाफ्याबाहेर टाका. खुरपणीही तेव्हाच उरकते, कारण ओळी मोकळ्या दिसतात. एक-दोन दिवसांनी, पानं कोरडी असताना, गुंठ्याला साधारण अर्धा किलो युरिया ओळींमधून द्या आणि मागोमाग हलकं पाणी. वाढ जोरात हवी म्हणून याहून जास्त टाकू नका. लुसलुशीत पानांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, लवकर येतो. मावा दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. दोन कापण्यांत पंधरा-वीस दिवसांचंच अंतर, तेव्हा रासायनिक औषध टाळाच. ते पान कुणाच्या तरी लेकरांच्या ताटात जाणार आहे.

आंबट चुका आणि कसुरी मेथी या भाज्याही अशाच पुन्हा फुटतात. कोथिंबीर दुसऱ्यांदा येते, पण विरळ. ती घरच्यासाठी ठेवा.

फेब्रुवारीत ऊन चढलं, दिवस मोठा झाला की पालकाच्या मधून दांडा वर येऊ लागतो, पानं बारीक आणि चिवट होतात. मग आणखी एका कापणीची वाट पाहू नका. वाफा मोडा, शेणखत मिसळा आणि तिथे लाल माठ किंवा राजगिरा टाका.