उन्हाळ्यातले गवे : या चुका टाळा

एप्रिल सरत आला की कोल्हापुरातून दाजीपूरच्या गवा अभयारण्याकडं गाड्या लागतात, आणि बऱ्याच डिक्क्यांत गव्यांसाठी काहीतरी खाऊ असतो. पहिली आणि सगळ्यात वाईट चूक हीच.

सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत वाळलेलं, गव्याच्या बरगड्या दिसतात, जीव कळवळतो, मान्य. पण गवा रवंथ करणारं जनावर. त्या दिवसांत त्याच्या पोटातले जिवाणू वाळकं गवत, पाला, बांबू यांना सरावलेले असतात. एकदम भात, पीठ, गूळ गेला की पोटात आम्ल वाढतं आणि जनावर बसतं ते उठत नाही. लग्नातलं उरलेलं अन्न खाऊन म्हैस कशी फुगते, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. अलास्कात हिवाळा संपताना मूस हरणांना वाळलेलं गवत घातलं, तर पोट भरलेलं असूनही ती उपाशी मरतात, कारण डहाळ्यांवर जगणाऱ्या पोटाला ते पचत नाही. तिथं मूसला खायला घालणं गुन्हा आहे.

एका मे महिन्यात एका मंडळानं जंगलाच्या कडेला, पाणवठ्यापाशी टेम्पोभर उसाचं वाडं आणि गुळाच्या ढेपा टाकल्या, फोटो काढले आणि गेले. गुळाला मुंग्या लागल्या. वाड्यावर आधी वस्तीवरची गुरं तुटून पडली, म्हणजे गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाला गव्यांपर्यंत रान मोकळं. रात्री गवे आले. वाडं संपल्यावर कळप खालच्या फडात उतरला आणि बांधाकडचा ऊस आडवा झाला. शेतकरी मामा म्हणाले, "चव लावून गेली पोरं, आता राखण मी करू व्हय?" त्यांना उत्तर द्यायला मंडळातलं कुणी फिरकलं नाही.

गव्याला उन्हाळा काढता येतो. दिवसा दरीतल्या गर्द सावलीत रवंथ, पहाटे-संध्याकाळी चरणं, गवत संपलं की पाला, आणि पाणी कायम जवळ. अंगातली ताकद तो वळवापर्यंत पुरवून वापरतो.

म्हणूनच वस्तीत आलेल्या गव्यामागं पळणं ही दुसरी मोठी चूक. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला आलेला गवा गर्दीनं पळवला आणि त्याच दिवशी मेला. वाट मोकळी ठेवा, वनखात्याच्या 1926 वर फोन लावा, घरात जा. अंधार पडला की बहुतेक वेळा तो आल्या वाटेनं परततो.

चांगलं गवत यावं म्हणून वणवा लावू नका. मेमध्ये खायला राखच उरते. पाणवठ्यावर ठिय्या मारू नका; कळप तहानलेलाच माघारी जातो. मी दुर्बीण घेऊन लांब, वारा तोंडावर घेऊन बसतो आणि थोड्या वेळानं उठतो. ज्यांना पंधरा मिनिटांत गवा दिसायलाच पाहिजे, त्यांनी उन्हाळ्यात जंगलात जाऊच नये.